मुलांना ग्योताकू शिकवताना: माशाचा ठसा स्वच्छ उमटावा म्हणून तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

माशाला शाई लावा, वर कागद दाबा, उचला. ग्योताकूची कृती बहुतेक वेळा एवढ्यातच सांगितली जाते, आणि म्हणूनच ती पहिल्या प्रयत्नात फसते. कागदावर माशाऐवजी काळा डाग येतो. मुलं हिरमुसतात आणि शिकवणारे म्हणतात, शाई जास्त झाली. शाई जास्त झालेली असतेच. पण त्याआधी माशावरचा चिकटा निघालेला नसतो, पोटातलं पाणी बाहेर झिरपत असतं आणि पर अंगाला चिकटलेले असतात. अशा माशाला कितीही बेताने शाई लावली तरी ठसा फुटतोच.

म्हणून या लेखात जवळपास निम्मी जागा शाईआधीच्या कामाला दिली आहे. ते काम मोठ्यांनी मुलं यायच्या आधी उरकायचं. त्याला दीड तास धरा. मुलांबरोबरच्या सत्राला दोन तास पुरतात.

जपानीत 'ग्यो' म्हणजे मासा आणि 'ताकू' म्हणजे शिलालेखावर कागद ठेवून घेतात तसा ठसा. याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. माशालाच शाई लावून त्यावर कागद दाबायचा ती थेट पद्धत, चोकुसेत्सु-हो. माशावर कागद चिकटवून वरून बोळ्याने रंग टिपायचा ती अप्रत्यक्ष पद्धत, कान्सेत्सु-हो. मुलांची सुरुवात थेट पद्धतीनेच करावी. दुसरी शेवटी दिली आहे, ती दहा-अकरा वर्षांच्या पुढच्या मुलांसाठी.

कोणत्या वयाला कोणतं काम

पाच-सहा वर्षांच्या मुलांना कागद दाबायला आणि उचलायला द्या. शाई मोठ्यांनी लावावी. सात ते नऊ वर्षांची मुलं शाई लावतात, पण परांवर त्यांचा हात थांबत नाही. तिथे मदत लागते. दहाच्या पुढची मुलं टाचण्या सोडून सगळं करू शकतात. एका माशाभोवती चारच मुलं, आणि दर माशाला एक मोठं माणूस. बारा मुलांना तीन मासे लागतात, चौथा राखीव ठेवा. एका माशावरून दहा-बारा ठसे चांगले निघतात. त्यानंतर खवले सुटायला लागतात आणि मासा मऊ पडतो.

मुलं बोलावण्याआधी पालकांना दोन गोष्टी विचारा: कुणाला माशाची ॲलर्जी आहे का, आणि घरी मासा हाताळलेला चालतो का. ॲलर्जी असलेल्या मुलाने खऱ्या माशाला हात लावायचा नाही. 'फक्त दाबायचं काम' हा त्यावर उपाय नाही. ठसे घेण्यासाठी रबराचे मासे मिळतात, त्यांवरही हीच कृती चालते. फक्त टप्पा १ आणि ३ गळतात, आणि टप्पा ४ मधलं फक्त आधाराचं काम उरतं.

टप्पा १: मासा निवडणे

चपटा, मोठ्या खवल्यांचा, १५ ते २२ सेंटिमीटर लांबीचा मासा घ्या. जपानमध्ये यासाठी 'ताई' हा समुद्री मासा आवडता आहे, कारण त्याचं अंग चपटं, खवले ठळक आणि पाठीवरचा पर उंच असतो. महाराष्ट्रात किंवा गोव्यात शिकवत असाल तर हेच गुण काळुंदरमध्ये मिळतात. चिलापी स्वस्त आणि जवळपास वर्षभर मिळते, आणि पहिल्या सत्रासाठी तीच उत्तम. लहान तांबोशी चांगली. लहान रोहूचे खवले सुरेख उमटतात, पण अंग गोलसर असल्याने कागदाला सुरकुत्या पडतात.

पापलेट दिसायला सगळ्यात योग्य वाटतं, म्हणून बहुतेक जण तेच आणतात. त्याचे खवले इतके बारीक असतात की ठशात नुसता काळा शंकरपाळा दिसतो. बांगड्याचंही तसंच, शिवाय तो लवकर मऊ होतो. शिंगाळा मुलांच्या टेबलावर अजिबात नको. त्याचे काटे खोल टोचतात आणि ते विषारी असतात.

बाजारात बोलताना चूक होते ती अशी: मासा पसंत केला, पैसे दिले आणि सवयीने तो साफ होऊन आला. म्हणून आधीच सांगा, "मावशी, साफ नको. खवलं काढू नका, पर छाटू नका, पोट फाडू नका." शेपटीचं टोक तुटलेला किंवा एका बाजूचे खवले गेलेला मासा घेऊ नका. मासा उलटून दोन्ही बाजू पाहा, कारण ठसा एकाच बाजूचा घ्यायचा असतो आणि चांगली बाजू तुम्हीच ठरवायची असते.

महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते. त्या दोन महिन्यांत सत्र असेल तर समुद्री माशावर अवलंबून राहू नका, तळ्यातली चिलापी किंवा रोहू धरा. पावसाळी हवेत कागद वाळायलाही दुप्पट वेळ लागतो.

गोठवलेला मासा चालतो, पण तो फ्रिजच्या खालच्या कप्प्यात रात्रभर ठेवून सैल करा. बाहेर उन्हात किंवा गरम पाण्यात नको. सैल झालेल्या माशातून पाणी जास्त वेळ झिरपतं, म्हणून टप्पा ४ मधल्या बोळ्यांवर त्याच्या बाबतीत दुप्पट लक्ष द्या.

टप्पा २: साहित्य, चार मुलांच्या एका गटासाठी

- शाई: सुमी, म्हणजे काजळी आणि सरसापासून बनणारी जपानी काळी शाई. बाटलीतली तयार मिळते. ती नसेल तर धुऊन निघणारा काळा पोस्टर रंग. एका ठशाला अर्धा चमचा पुरतो, चार मुलांना ५० मिलीची बाटली भरपूर झाली.
- कागद: पातळ वाशी, म्हणजे जपानी कागद. कोझोच्या, म्हणजे कागदी तुतीच्या, झाडाच्या सालीपासून केलेला सर्वात बरा, कारण त्याचे तंतू लांब असतात आणि माशाच्या उंचवट्यावर वळताना तो फाटत नाही. नाहीच मिळाला तर पातळ नेपाळी कागद. जाड हातकागद, ड्रॉइंग पेपर आणि झेरॉक्सचा कागद वळतच नाहीत, त्यावर माशाची फक्त पाठ उमटते.
- लहान मुलांसाठी जुनी मलमल. ती धुऊन खळ काढलेली आणि इस्त्री केलेली असावी. ओढाताण झाली तरी फाटत नाही.
- ब्रश: २.५ सेंटिमीटर रुंद, मऊ आणि चपटा, असे दोन. परांसाठी १ सेंटिमीटरचा एक. डोळ्यासाठी २ नंबरचा गोल एक. डुकराच्या केसांचे राठ ब्रश खवल्यांवर रेघा पाडतात, ते वगळा.
- तेलकट मॉडेलिंग क्ले, साधारण ५०० ग्रॅम. शाडू माती वापरू नका. ती ओल्या माशाला लागून चिखल होते आणि तोच चिखल कागदावर उतरतो.
- गोल डोक्याच्या टाचण्या, कापूस, टिश्यू पेपर, दोन जुने सुती पंचे, मीठ, भांड्याचा साबण, थर्माकोलची किंवा प्लॅस्टिकची पाटी, बर्फ.
- खाली अंथरायला वर्तमानपत्र, भरपूर. दर ठशाला नवं.

कागद आधीच कापून ठेवा. माशाच्या चारही बाजूंना किमान ५ सेंटिमीटर मोकळी जागा राहायला हवी, खाली नोंद लिहायची असेल तर १० सेंटिमीटर. दर मुलाला तीन कागद द्या: एक सरावाचा साधा, दोन चांगले. चांगल्या कागदाची गुळगुळीत बाजू कोणती हे बोटाने पाहून खरखरीत बाजूच्या कोपऱ्यावर पेन्सिलीने बारीक खूण करा. ठसा गुळगुळीत बाजूवर घ्यायचा. ऐनवेळी शाईच्या हाताने बाजू शोधता येत नाही.

टप्पा ३: चिकटा काढणे

इथेच सगळ्यात जास्त घाई होते. माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर शाईला खवल्यापर्यंत पोचू देत नाही. शाई त्या थरावर तरंगते आणि कागद टेकताच पसरते.

मासा थंड पाण्याखाली धरा. एक मोठा चमचा बारीक मीठ अंगभर चोळा, हात डोक्याकडून शेपटीकडे. उलट दिशेने चोळलं की खवले उचकटतात. दोन मिनिटं थांबा, धुवा. आता भांड्याच्या साबणाचे दोन थेंब तळहातावर घेऊन परत तसंच. कल्ल्याच्या झाकणाखाली, छातीच्या पराच्या मागे आणि शेपटीच्या बुडाशी चिकटा लपून राहतो, तिथे जुना मऊ टूथब्रश हलक्या हाताने फिरवा. चिकटा फार असेल तर शेवटच्या मिठात चिमूटभर तुरटीची पूड मिसळा. नंतर भरपूर पाण्याने धुवा, कारण साबण राहिला तर शाईचे बुडबुडे येतात.

तपासा: माशाच्या कुशीवर टिश्यूचा तुकडा दाबून उचला. तुकडा सुटा निघाला तर ठीक. तार आली किंवा कागद चिकटून बसला तर पुन्हा मीठ.

टप्पा ४: बोळे, आधार, पर

मासा पंच्याने टिपून कोरडा करा. पुसायचं नाही, टिपायचं. मग जिथून पाणी येतं त्या सगळ्या जागा बंद करा: तोंडात कापसाचा छोटा बोळा, कल्ल्यांच्या आत दुमडलेला टिश्यू, आणि पोटाखालच्या छिद्रात कापसाची बारीक वात. हे शेवटचं छिद्र सगळे विसरतात. कागदावर वरून दाब येतो तेव्हा पोटातलं पाणी तिथूनच बाहेर येतं, आणि ठशात मागच्या पराजवळ तपकिरी ओघळ दिसतो.

आता मासा पाटीवर ठेवा. त्याचं तोंड कुठल्या बाजूला करायचं? जपानी चित्रात आणि ताटातही मासा सहसा डावीकडे तोंड करून असतो. थेट पद्धतीत ठसा आरशासारखा उलटा येतो, म्हणून ठशात तोंड डावीकडे हवं असेल तर पाटीवर मासा उजवीकडे तोंड करून ठेवा. मुलांना हे शब्दांत सांगून कळत नाही. त्यांच्या तळहाताचा ठसा घेऊन दाखवा, लगेच समजतं.

माशाभोवती क्लेचा बांध घाला. त्याची उंची माशाच्या जाडीच्या निम्मी असावी, म्हणजे वरची निम्मी कूसच बाहेर राहील. बांध नसेल तर कागद पोटाखाली गुंडाळला जातो आणि ठशातला मासा सुजल्यासारखा रुंद दिसतो. पर, शेपटी आणि बांध एका पातळीत आले की कागद सपाट बसतो.

पर उघडायची रीत अशी. पाठीवरचा पर पुढच्या काट्याला धरून हलकेच उभा ओढा, खाली क्ले सरकवा आणि काट्यांच्या टोकांशी दोन-तीन टाचण्या तिरक्या टोचा. शेपटी पंख्यासारखी पसरून वरच्या आणि खालच्या टोकाला एकेक टाचणी. छातीचा पर कुशीवर झोपलेला असतो, त्याच्याखाली टिश्यूचा छोटा तुकडा सरकवा, नाहीतर तो ठशात अंगात मिसळून जातो. मग पंखा लावून २० ते ३० मिनिटं तसंच राहू द्या. पर वाळून ताठ झाले की टाचण्या सगळ्या काढा.

सावध: टाचण्या मोजून घ्या, मोजून परत ठेवा. कागदाखाली राहिलेली एक टाचणी बोटात जाते. चिलापीच्या आणि काळुंदरच्या पाठीचे काटेही टोकदार असतात. त्यांची टोकं नखकटरने एक-दोन मिलिमीटर कापा किंवा त्यांवर क्लेचा कण लावा.

उन्हाळ्यात वाट पाहायची असेल तर बर्फाची पिशवी पाटीच्या खाली ठेवा. माशावर ठेवली तर त्याला पुन्हा पाणी सुटतं.

शाई लावण्याआधी लांबी मोजून लिहून ठेवा, तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत. वजनही. ठशावरून नंतर मोजलेलं माप खरं येत नाही, कारण कागद उंचवट्यावरून वळत गेलेला असतो.

टप्पा ५: मुलांचा पहिला सराव, माशाशिवाय

मुलं आली की त्यांना लगेच माशाकडे नेऊ नका. आधी अंगठा. बशीत थोडी शाई घ्या, ब्रशने अंगठ्यावर लावा, साध्या कागदावर ठसा घ्या. रेषा दिसल्या तर शाई बरोबर. नुसता गोळा उमटला तर शाई जास्त. त्याच अंगठ्याचा शाई न लावता दुसरा ठसा घ्या, मग तिसरा. दुसरा किंवा तिसरा ठसाच सर्वात स्पष्ट येतो, आणि 'कमी शाई' म्हणजे किती हे मुलाच्या बोटाला कळतं. दहा मिनिटांचा हा सराव गाळला की पहिले चार चांगले कागद वाया गेलेच समजा.

पुढे एक पान घ्या, पेरूचं किंवा फणसाचं, ज्याच्या मागच्या बाजूला शिरा वर आलेल्या असतात. त्यावर शाई लावणं, कागद ठेवणं, न हलवता दाबणं, उचलणं हा पूर्ण क्रम एकदा करून घ्या.

पोस्टर रंग वापरत असाल तर तो फेटलेल्या दह्याइतका दाट ठेवा. ताकासारखा पातळ झाला की खवल्यांच्या फटींत साचतो. सुमी बाटलीतून तशीच चालते. फार घट्ट वाटली तर चमचाभर शाईला दोन-तीन थेंब पाणी, जास्त नको.

टप्पा ६: शाई लावणे

पंखा बंद करा. माशाला वाळवताना तो हवा होता, आता तोच शाई वाळवून टाकतो.

गटातल्या चार मुलांची दोन कामं ठरवा. दोघांचे 'काळे हात', ते शाई लावतील. दोघांचे 'कोरडे हात', ते कागदाशिवाय कशालाही शिवणार नाहीत. पुढच्या ठशाला अदलाबदल. कागदावर बोटांचे काळे डाग येण्याचा प्रश्न एवढ्यानेच मिटतो.

1. ब्रश शाईत बुडवा, बशीच्या काठावर दोन्ही बाजूंनी निथळवा, मग वर्तमानपत्रावर एकदा ओढा. कागदावर तुटक रेघ उमटायला हवी.
2. डोक्याकडून शेपटीकडे पातळ थर द्या. डोळा सोडून द्या. चुकून शाई लागली तर ओल्या कापसाने लगेच टिपा.
3. दुसरा, कोरडा ब्रश घ्या आणि त्याने शेपटीकडून डोक्याकडे हलक्या हाताने फिरवा. खवल्यांच्या कडा शेपटीच्या दिशेला उघड्या असतात. उलट दिशेने जाणारा ब्रश त्या कडांवर शाई ठेवतो आणि जादा शाई उचलून नेतो. खवल्यांची जाळी ठशात दिसते ती याच हातामुळे. ही पायरी लेखी कृतींत बऱ्याचदा नसते.
4. शेवटी पर आणि शेपटी, लहान ब्रशने, बुडाकडून टोकाकडे. ते पातळ असल्याने एका मिनिटात वाळतात, म्हणून त्यांचा नंबर शेवटचा.
5. बांधावर सांडलेली शाई ओल्या कापडाने पुसा आणि नंतर कोरड्याने.

तपासा: मासा तिरक्या उजेडात पाहा. चकाकणारी ओली थारोळी कुठे दिसली, विशेषतः कल्ल्याच्या कडेला आणि छातीच्या पराखाली, तर टिश्यूच्या कोपऱ्याने टिपा. अंगभर ओलसर पण चमक नसलेला काळेपणा हवा. हे सगळं तीन मिनिटांत उरकायचं.

टप्पा ७: कागद ठेवणे आणि दाबणे

कोरड्या हातांची दोन मुलं समोरासमोर उभी राहून कागदाचे चार कोपरे धरतात. कागद ताणायचा नाही, मधे किंचित झोळ राहू द्यायचा. गुळगुळीत बाजू खाली. झोळाचा मध्य माशाच्या मध्यावर टेकवा, मग दोन्ही बाजू सोडा. एकदा टेकलेला कागद सरळ करायला उचलायचा नाही. तिरका पडला तर तिरकाच राहू द्या. सरळ करायला गेलेला ठसा दुहेरी होतो, तिरका ठसा मात्र चांगलाच असतो.

एका मुलाने एका हाताने कागद जागेवर धरायचा, दुसऱ्याने दाबायचं. दाबायचं बोटांच्या पेरांनी, थोपटल्यासारखं. घासायचं नाही. मधून सुरुवात करून डोक्याकडे, मग शेपटीकडे, मग पोट आणि पाठ, शेवटी एकेक पर. कागद पातळ असल्याने दाबताना शाई पलीकडे अंधुक दिसते. जिथे ती दिसत नाही तिथे बोट पोचलेलं नाही. सुरकुती पडायला लागली तर ती माशाच्या बाहेर, मोकळ्या कागदाकडे ढकला. डोळ्याच्या खोबणीत बोट खुपसू नका, कडेची गोल रेष तेवढी दाबा.

एक ते दीड मिनिट पुरतं. मुलं इथे जास्त वेळ रमतात, कारण बोटाखाली खवले आणि काटे जाणवतात. पण तीन मिनिटांनंतर पोस्टर रंग कागदाला चिकटतो आणि उचलताना तंतू ओढले जातात.

टप्पा ८: उचलणे

शेपटीकडचे दोन कोपरे धरून सावकाश डोक्याकडे सोलत न्या, हात खालच्या खाली ठेवून. कुठे चिकटलं तर थांबा, परत टेकवा, दुसऱ्या बाजूने या. ठसा वर्तमानपत्रावर आडवा वाळवा. दोरीला टांगला की शाई ओघळते आणि कागद वाकडा वाळतो. कोपऱ्यात मुलाचं नाव आणि ठशाचा क्रमांक पेन्सिलीने लगेच लिहा. तासाभराने सगळे मासे सारखेच दिसतात.

पुढच्या ठशासाठी मासा धुवायची गरज नाही. शाई पुन्हा लावण्याआधी, नवी शाई न लावताच एक 'रिकामा' ठसा साध्या कागदावर घ्या. जुनी शाई निघून जाते. दर तीन-चार ठशांनंतर मात्र ओल्या कापडाने पुसून, टिपून, बोळे बदलायचे.

टप्पा ९: ठसा पाहून चूक ओळखणे

पहिला ठसा वाळायच्या आधी मुलांसमोर ठेवा आणि विचारा, कुठे दिसत नाही? दुसऱ्या ठशाची सुधारणा यातूनच होते.

सगळीकडे काळं आणि खवले नाहीत: शाई जास्त, किंवा कोरड्या ब्रशची उलटी फेरी झाली नाही. कडा पिसासारख्या फुटल्या: मासा ओला, किंवा शाई पातळ. पोट आणि पाठ आहे पण पर नाहीत: परांची शाई वाळली, किंवा बोट तिथे पोचलंच नाही. बाह्यरेषा दोनदा: कागद सरकला. मासा जाडजूड: बांध कमी उंचीचा. एका जागी तपकिरी ओल: बोळा सुटला. मधे पांढरे पट्टे: कागदाला सुरकुती पडली, किंवा कागद जाड.

फिकट ठशाला चुकीचा म्हणू नका. खवले दिसत असतील तर फिकटच ठेवण्यासारखा असतो, आणि मुलं नेमका तोच टाकून देतात.

टप्पा १०: डोळा

डोळा ठशात येत नाही. ती जागा पांढरी राहते आणि हाताने रंगवायची असते. एवढ्या एका ठिकाणी मासा जिवंत दिसतो किंवा मेलेला, त्यामुळे घाई नको. ठसा पूर्ण वाळल्यावरच सुरुवात.

आधी साध्या कागदावर पाच डोळे काढायला लावा, समोर मासा ठेवून. माशाची बाहुली पूर्ण गोल नसते, पुढच्या बाजूला किंचित निमुळती असते. क्रम असा: पेन्सिलीने बाहेरचं वर्तुळ, आत बाहुली, बाहुलीत वरच्या बाजूला पांढरा ठिपका सोडून बाकी काळं. भोवतीची कडी पांढरी किंवा अगदी फिकट पिवळी. मुलं पापण्या आणि भुवया काढतात. तेव्हा त्यांना रोखण्याऐवजी खरा मासा जवळून दाखवा आणि पापणी शोधायला सांगा.

टप्पा ११: नोंद आणि शिक्का

जपानी गळवाल्यांसाठी ग्योताकू म्हणजे पकडलेल्या माशाचा पुरावा. ठशाशेजारी माशाचं नाव, लांबी, वजन, तारीख, ठिकाण, पकडणाऱ्याचं नाव आणि प्रत्यक्ष पाहणाऱ्या साक्षीदाराचं नाव लिहितात. मुलांकडून ही नोंद नक्की करून घ्या, पण खरी. मासा बाजारातून आणला असेल तर 'पकडला' लिहायचं नाही, 'अमुक बाजारातून आणला' असंच लिहायचं. साक्षीदार म्हणून गटातल्या दुसऱ्या मुलाची सही.

लाल शिक्का, राक्कान, खोडरबरावर करता येतो. दोन सेंटिमीटरच्या खोडरबरावर मुलाच्या नावाचं पहिलं अक्षर उलटं काढायचं. पातळ कागदावर अक्षर लिहून कागद पालथा घातला की उलटं अक्षर मिळतं. 'म' किंवा 'ग' सोपं, 'क्ष' आणि 'ज्ञ' कोरताना तुटतात. कोरणं मोठ्यांनी करावं. शिक्का माशाच्या अंगावर मारायचा नाही, नोंदीच्या खाली मारायचा.

टप्पा १२: सुरकुत्या आणि पाठ लावणे

वाळलेला कागद आखडतो. पोस्टर रंगाचा ठसा असेल तर पाणी लावूच नका. पालथा ठेवून वर सुती कापड घाला, मंद इस्त्री फिरवा आणि जड पुस्तकांखाली रात्रभर ठेवा.

सुमीचा ठसा पूर्ण एक दिवस वाळल्यावर सहसा पाणी सहन करतो. त्याला जपानी रीतीने मागून दुसरा कागद लावता येतो. गव्हाच्या सत्त्वाची किंवा मैद्याची खळ करा: एक भाग पीठ, पाच भाग पाणी, मंद आचेवर सतत ढवळत, पारदर्शक होईपर्यंत. गाळून गार करा आणि पाणी घालून दुधाच्या सायीइतकी सैल करा. ठसा काचेवर पालथा ठेवून मागून पाण्याचा फवारा मारा, मऊ ब्रशने मधून बाहेर सुरकुत्या काढा, खळ लावा, थोडा मोठा कोरा कागद वर बसवा. काचेवरून उचलून फळीवर कडा चिकटवून वाळवा. हे काम दहाच्या पुढच्या मुलांनी मोठ्यांबरोबर करावं. पहिल्यांदा करताना सर्वात चांगला ठसा यासाठी घेऊ नका.

मोठ्या मुलांसाठी: अप्रत्यक्ष पद्धत

मासा टप्पा ४ पर्यंत तसाच तयार करायचा. मात्र इथे ठसा उलटा येत नाही, म्हणून तोंड डावीकडेच ठेवायचं. पातळ वाशी माशावर घालून पाण्याच्या बारीक फवाऱ्याने ओली करा, कापसाने दाबत अंगाला चिकटवा, खवले कागदातून वर दिसेपर्यंत. कागद जवळपास वाळू द्या.

आता ताम्पो, म्हणजे कापसावर रेशमी कापडाचा तुकडा ताणून बांधलेला बोराएवढा बोळा. त्याला शाई लावून दुसऱ्या ताम्पोवर थोपटा, मग कागदावर टिपा. पहिल्या टिपणीत जवळजवळ काहीच दिसू नये. फिकटाकडून गडदाकडे, दहा-पंधरा थरांत, मासा हळूहळू वर येतो. मुलं पाचव्या थराला कंटाळून शाई वाढवतात आणि तिथे डाग पडतो. एका माशाला दीड तास धरा, आणि मुलाला तेवढा धीर नसेल तर ही पद्धत पुढच्या वर्षावर टाका.

सत्र संपल्यावर

दोन तास टेबलावर राहिलेला, क्ले, साबण आणि शाई लागलेला मासा खायचा नाही. रंगाच्या बाटलीवर बिनविषारी लिहिलं असलं तरी नाही. मांजरांनाही घालू नका. बोळे काढून मासा वर्तमानपत्रात गुंडाळून ओल्या कचऱ्यात द्या, किंवा झाडाखाली फूटभर खोल पुरा. मुलांचे हात साबणाने, नखांसकट. पाटी आणि क्ले गरम पाण्याने धुवा. सुमीचे ब्रश मात्र सगळ्यात आधी धुवायला घ्या. त्या शाईत सरस असतो, आणि तासाभरात ब्रशच्या मुळाशी बसलेला सरस पुन्हा निघत नाही.